पिंपाकडे बघा, शार्ककडे नको

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

'जॉज' या शार्कच्या सिनेमाला पन्नास वर्षं झाली म्हणून तुम्ही पुरवणीत वाचकांच्या प्रतिक्रिया छापल्या होत्या, त्या मी रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला घेतल्या आणि चहा तसाच गार झाला. कुणी लिहिलंय शार्क रबरी दिसतो, आजच्या जमान्यात हसू येतं, कुणी लिहिलंय पहिला तासभर काहीच होत नाही, एका बाईंनी लिहिलंय की अजूनही स्विमिंग पूलमध्ये उतरल्या की पाय आपोआप वर घेतले जातात (त्यांच्याशी मी पूर्ण सहमत, आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये साडेतीन फूट पाणी आहे तरी माझं तेच होतं), आणि एका कॉलेजच्या मुलाने लिहिलंय की त्याने सिनेमा दीडपट स्पीडने बघितला. हे वाचल्यावर पत्र लिहायचंच ठरवलं. लांबलं तर कात्री लावा, पण मधलं पिंपाचं तेवढं कापू नका.

मी काही समीक्षक वगैरे नाही, बँकेत नोकरी केली, रिटायर झालो, आता ठाण्याला असतो. पण मूळचा मालवणकडचा, एका बाजूला खाडी आणि एका बाजूला दर्या अशा चिंचोळ्या गावातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण पुढे सरपंचाचा विषय येणार आहे आणि अजून वर्षातून एकदा गणपतीला तिथे जावं लागतं.

तर गणपतीचेच दिवस, ८६ किंवा ८७ साल असेल, जागरणासाठी वर्गणी काढून मालवणातून कलर टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणलेला, तीन कॅसेटी होत्या, दोन हिंदी आणि तिसरी दुकानदाराने 'ही पण ठेवा, माशाची आहे' म्हणून दिलेली. हिंदी दोन्ही संपल्या तेव्हा रात्रीचा दीड वाजला असेल, बायका-पोरं निम्मी झोपलेली, आणि उरलेले होते ते बहुतेक रापणीला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला) जाणारे, होडीवर आयुष्य गेलेले लोक. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, मलाच थोडंफार, म्हणून मला पुढे बसवला आणि सांगितलं तू अर्थ सांग. मी पहिली पाच मिनिटं सांगितला, नंतर कुणी विचारलंच नाही.

त्यात तात्या म्हणून एक होते, नात्याने लांबचे, पण सगळ्या गावाचेच तात्या. पन्नासएक वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, डाव्या हाताची दोन बोटं दोराने गेलेली. सिनेमात तो मेयर येतो ना, नांगरांची चित्रं असलेला कोट घालून, आणि पोलीसप्रमुख ब्रॉडीला म्हणतो की बीच बंद करू नको, सीझन बुडेल, तेव्हा तात्या मागून मोठ्याने म्हणाले, 'हो आमचो सरपंच थय कसो पावलो?' मांडवात इतका हशा झाला की झोपलेली पोरं उठून रडायला लागली. सरपंच दुसऱ्या रांगेतच बसलेले. ते पण हसले, करतात काय. एक शब्द न कळता त्या लोकांना त्या मेयरचं सगळं कळलं होतं.

आता तुमच्या वाचकांचा मुद्दा, शार्क रबरी दिसतो. दिसतोच. मी नाही म्हणत नाही. शेवटी तो बोटीवर चढतो आणि शार्कची शिकार करणाऱ्या क्विंटला गिळतो तेव्हा जबड्याला सुरकुत्या पडतात, दात वाकतात की काय असं वाटतं, ते आजच्या पोरांना दिसणारच. दिग्दर्शक स्पीलबर्ग तेव्हा सत्तावीस वर्षांचा पोरगा, त्याने हट्ट धरला की टाकीत नाही, खऱ्या अटलांटिकमध्येच शूट करणार, मॅसॅच्युसेट्समधल्या मार्थाज व्हिनयार्ड नावाच्या बेटावर. तिथे १९७४ च्या मे महिन्यात सगळं लटांबर गेलं. पंचवीस फुटी यांत्रिक शार्क तीन बनवलेले, त्यांना नाव दिलं ब्रूस, स्पीलबर्गच्या वकिलाचं नाव! ते हवेच्या दाबावर चालायचे, नळ्या जोडलेल्या, आणि खाऱ्या पाण्यात घातले तसे बिघडायला लागले. बुडाले, गंजले, जबडा मिटेना, कातडी पाणी पिऊन फुगली. ज्या माणसाने होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यात सांभाळलंय त्याला यात काही नवल वाटणार नाही, आमच्याकडे नवीन इंजिनाला सुद्धा पहिल्या पावसाळ्यानंतर नारळ फोडावा लागतो. शूटिंग ५५ दिवसांचं ठरलेलं, झालं १५९ दिवस, चाळीस लाख डॉलरचं बजेट नव्वद लाखांच्या आसपास गेलं. मधेच ती शार्कच्या शिकारीची ओर्का बोट पण एकदा खरोखर पाणी भरून बुडायला लागली. क्षितिजावर कुणाची शिडाची होडी आली की ती जाईपर्यंत सगळे हात बांधून बसायचे, कारण सिनेमात बोटीवरच्या त्या तिघांच्या (ब्रॉडी, क्विंट आणि शार्कचा अभ्यासक हूपर) आसपास मदतीला कुणी नाही असं दिसायला हवं ना.

मग शार्क चालत नाही तर दाखवणार काय? पाणी. आणि पाण्यावर जे काही तरंगतं ते. तुमच्या पुरवणीतल्या एकानेही ते लिहिलं नाही. सगळे म्हणतात 'न दिसल्यामुळे भीती वाटते', ते ठीक आहे, ते आता शाळेतल्या पोरांना पण पाठ झालंय. पण नुसतं न दाखवून भीती वाटली असती तर लाईट घालवून बसवलं असतं की लोकांना. इथे तुम्हाला काहीतरी बघायला दिलेलं असतं, प्रत्येक वेळी. काठी, फळकूट, पिंप. आणि त्यावरून खाली काय चाललंय ते तुम्ही लावायचं. अहो हेच तर आमच्याकडचे लोक रोज करतात, रापणीचे बोये (जाळ्याचे तरंगते गोळे) कुठे बसले, कुठे ओढले गेले, कावळा कुठे घिरट्या घालतोय, पाण्याचा रंग कुठे बदलला, मासा कोण बघतो?

'पहिला तासभर काहीच होत नाही' लिहिणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे, बीचवरचा तो एकच सीन परत बघा, एकदाच, आणि साध्या स्पीडने. ब्रॉडी वाळूत बसलाय. आदल्या दिवशी एका पोरीचे अवशेष किनाऱ्यावर सापडलेत, त्याने रिपोर्टमध्ये टाईपरायटरवर शार्क अ‍ॅटॅक असं स्वतः टाईप केलंय आणि गावाच्या डॉक्टरने मेयरच्या समोर तो शब्द फिरवून बोटीचा अपघात केलाय. म्हणजे ब्रॉडीला माहिती आहे आणि तो काही बोलू शकत नाहीये. तो पाण्याकडे बघतोय आणि मधून माणसं जातायत, एक जाडा माणूस गेला की कॅमेरा जवळ, दुसरा गेला की अजून जवळ, कट कळतच नाही. एक काळं काहीतरी पोहत येतंय, तो ताडकन सरळ होतो, ती निघते एका म्हाताऱ्याची काळी टोपी. एक पोरगी किंचाळते, तिला मित्राने पाण्यातून खांद्यावर उचललेली असते. कुणीतरी येऊन त्याच्या तोंडासमोर उभा राहून गाऱ्हाणं सांगायला लागतो आणि तो बिचारा मान वाकडी करून त्याच्या मागचं पाणी बघतो (हे बँकेच्या काउंटरवर मी तीस वर्षं केलंय, समोरच्याशी बोलायचं आणि लक्ष मागच्या रांगेवर). आणि एक पोरगा कुत्र्यासाठी पाण्यात काठी फेकतोय. मग तो पोरगा कुत्र्याला हाका मारतोय. आणि मग नुसती काठी तरंगतेय.

तेवढंच. कुत्रा मेला असं कुणी म्हणत नाही, संगीत नाही, रक्त नाही. मांडवात त्या वेळी तात्यांच्या शेजारचे एकजण हळूच म्हणाले 'गेलो' (म्हणजे गेला), आणि बाकी सगळे गप्प. पुढच्या क्षणी पिवळ्या तराफ्यावरच्या मुलाला शार्क नेतो, आणि ब्रॉडीच्या चेहऱ्यावरचा तो प्रसिद्ध शॉट, ज्यात तो जवळ येतो आणि मागचं सगळं लांब पळतं, कॅमेरा पुढे न्यायचा आणि त्याच वेळी झूम मागे घ्यायचा अशी ती युक्ती आहे, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं ते त्यामुळे. काहीच होत नाही म्हणे!

आणि जेटीचा सीन. तो कुणीच का लिहीत नाही मला कळत नाही, माझ्या मते अख्ख्या सिनेमातला सगळ्यात भारी सीन तो. दोन लोक रात्री जेटीवर येतात, बक्षिसाच्या लोभाने, बायकोने सुट्टीसाठी आणून ठेवलेला मांसाचा तुकडा मोठ्या हुकाला लावून साखळीने जेटीला बांधून पाण्यात टाकतात, वर तरंगायला टायरची ट्यूब. ट्यूब चालायला लागते. एकजण खूश होऊन उड्या मारतो. मग साखळी ताणली जाते, जेटीचं टोकच उखडतं आणि त्यातला एकजण जेटीसकट पाण्यात. ते तुटलेलं फळकूट समुद्राच्या दिशेने निघून जातं. इथपर्यंत गंमत. आणि मग ते फळकूट थांबतं आणि वळतं. पोहणाऱ्या माणसाच्या दिशेने वळतं, संपादक साहेब! शार्क नाही, पाठीवरचा पर नाही, दात नाहीत, एक लाकडाचा तुकडा काळ्या पाण्यावर वळून येतोय आणि मांडवातले चाळीस पन्नास कोळी माणसं 'ये, ये, वर चड' म्हणून त्या परक्या माणसाला ओरडून सांगतायत. रबरी शार्कने हे झालं असतं का?

संगीताबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय त्यामुळे मी जास्त लिहीत नाही. दोनच सूर, शेजारशेजारचे, जॉन विल्यम्सने पियानोवर वाजवून दाखवले तेव्हा स्पीलबर्गला वाटलं हा चेष्टा करतोय. ऑस्कर मिळालं त्याला. पण एक गोष्ट बघा, दोन पोरं पुठ्ठ्याचा खोटा पर लावून बीचवर पळापळ करवतात तेव्हा ते संगीत वाजत नाही. म्हणजे संगीत खोटं बोलत नाही हे तुमच्या कानाला कळून चुकतं. आणि एकदा तुमचा विश्वास बसला की मग ब्रॉडी बोटीच्या मागे बसून, तोंडात सिगारेट, वैतागून पाण्यात आमिष टाकतोय, आणि तिथे संगीत न वाजताच शार्क मुंडकं वर काढतो. साधारण एक तास वीस मिनिटं झालेली असतात तेव्हा. सव्वादोन तासाच्या आतल्या सिनेमात शार्क नीट दिसतो तोच मुळी तिथे. ब्रॉडी मागे मागे जातो केबिनमध्ये आणि क्विंटला म्हणतो की तुला मोठी बोट लागणार आहे, ते वाक्य म्हणे ब्रॉडी झालेल्या रॉय शायडरने आयत्या वेळी टाकलेलं. आमच्या मांडवात वाक्य कुणाला कळलं नाही पण चेहरा सगळ्यांना कळला.

वाचकांपैकी एकाने क्विंटचं ते लांबलचक भाषण कंटाळवाणं म्हटलंय, तिथे मात्र मला राग आला. रात्र आहे, तिघंजण दारू पिऊन एकमेकांना जखमांचे व्रण दाखवतायत, हसतायत, आणि क्विंटच्या दंडावरच्या पुसलेल्या गोंदणावरून विषय निघतो इंडियानापोलिस जहाजाचा. ही गोष्ट खरी आहे. अणुबॉम्बचे भाग टिनियन बेटावर पोचवून पुढे निघालेलं ते अमेरिकन जहाज ३० जुलै १९४५ ला जपानी पाणबुडीने बुडवलं, जहाजावर जवळजवळ बाराशे माणसं, त्यातली नऊशेच्या आसपास पाण्यात पडली आणि जवळजवळ चार दिवस तिथेच तरंगत राहिली, कुणाला पत्ता नाही. वाचले ३१६. सगळे काही शार्कने खाल्ले नाहीत, तहानेने, उन्हाने, खारं पाणी पिऊन वेड लागून जास्त मेले. सिनेमात क्विंट तारीख चुकीची सांगतो, जूनची सांगतो, पण क्विंट झालेला रॉबर्ट शॉ ज्या पद्धतीने ते बोलतो, आवाज न चढवता, मधेच किंचित हसून, तिथे तारखेचं काय घेऊन बसलात. म्हणतात की पहिल्या दिवशी तो खरोखरची पिऊन आला आणि जमलं नाही, दुसऱ्या दिवशी शुद्धीत येऊन करून दिलं. आणि त्यात परत शार्क कुठे आहे? एका माणसाच्या तोंडात आहे. तुम्ही बघताय एक माणूस टेबलाशी बसलेला आणि तुम्हाला दिसतंय पाणी.

मला त्या वेळी इंग्रजी भाषण निम्मंच कळलं. तात्यांना काहीच नाही. पण भाषण संपल्यावर ते म्हणाले, 'हेचा कोणतरी बुडला.' एवढंच.

आता पिंपं. क्विंट शार्कला भाला मारतो, भाल्याला दोर, दोराला पिवळं पिंप. म्हणजे शार्क खाली गेला तरी पिंप वर राहणार आणि तो दमणार, असा हिशोब. मांडवात कुणाला तरी, बहुतेक मलाच, घाई झाली होती, मी म्हटलं शार्क कधी दाखवणार परत. तात्यांनी मागून टपली मारली. 'खुळ्या, मोरी कित्याक बघतस? पिंप बघ. मोरी खय आसा ता पिंप सांगता.' मोरी म्हणजे आमच्याकडे शार्क, ठाण्या-मुंबईकडे मुशी म्हणतात. आणि मग मी पिंप बघायला लागलो. पिंप लांबून येतं, फेसाची रेघ ओढत. पिंप थांबतं. पिंप बोटीखाली जातं आणि दुसऱ्या बाजूने निघतं. क्विंट दुसरं पिंप लावतो, तिसरं लावतो, म्हणतो तीन पिंपं घेऊन कुणाच्या बापाला खाली जाता येणार नाही, आणि तिन्ही पिंपं एकामागून एक डुबुक करून खाली जातात आणि समुद्र एकदम सपाट. त्या सपाट समुद्राला मांडवातले लोक जेवढे घाबरले तेवढे त्या जबड्याला नाही घाबरले. कारण जबडा त्यांनी बघितलेला, लहान का असेना, वाटे करून विकलेला. पण तीन बोये घेऊन काही खाली जातंय, हे त्यांच्या ओळखीतलं नव्हतं.

म्हणून मी म्हणतो की शार्क रबरी आहे की नाही हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी बघून विचारलेला आहे. गेल्या दिवाळीत भाचा आला होता, बावीस वर्षांचा, कॉम्प्युटरवाला, त्याने पण हेच सुरू केलं, 'मामा, ग्राफिक्स बेकार आहे.' मी म्हटलं, बाबा, ग्राफिक्स नाहीच आहे. फोन काढून घेतला, हॉलमधला दिवा घालवला आणि सांगितलं की शार्क दिसला की डोळे मीट, हवं तर, पण पाणी दिसतंय तोपर्यंत हलायचं नाही. पठ्ठ्या जेटीच्या सीनला सोफ्यावर पाय घेऊन बसला. शेवटी शार्क बोटीवर आला तेव्हा हसला तो, हसणारच, मी पण हसलो. पण तोपर्यंत काम झालेलं होतं. संकलन व्हर्ना फील्ड्स नावाच्या बाईंचं, त्यांनाही ऑस्कर मिळालं, आणि त्यांचं मोठेपण यात की ब्रूस कधी कापायचा हे त्यांना कळलं, अर्धा सेकंद जास्त ठेवला असता तर भोपळा दिसला असता. बुडालेल्या होडीच्या भोकातून कोळ्याचं मुंडकं बाहेर येतं, तो दचका तर म्हणे त्यांच्याच घरच्या स्विमिंग पूलमध्ये नंतर शूट केलाय, पाणी गढूळ दिसावं म्हणून दुधाची पावडर टाकून! आमच्या सोसायटीच्या पूलमध्ये पाणी तसंही गढूळच असतं, पावडर वाचली असती.

आणि खरा शार्क पण आहे हो त्यात. ऑस्ट्रेलियाच्या रॉन आणि व्हॅलरी टेलर या नवरा-बायकोने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात खरे ग्रेट व्हाइट शूट केले, ते पंचवीस फुटी वाटावेत म्हणून पिंजरा लहान केला आणि आत ठेंगणा माणूस सोडायचं ठरवलं. पण एक शार्क पिंजऱ्याच्या दोरात अडकला आणि त्याने पिंजऱ्याची पार वाट लावली, नशीब की आत कुणी नव्हतं. तो शॉट इतका जबरदस्त आला की तो वापरण्यासाठी गोष्टच बदलली. ज्या कादंबरीवरून सिनेमा केला त्या पीटर बेंचलीच्या कादंबरीत पिंजऱ्यातला हूपर मरतो, सिनेमात पिंजरा रिकामा असल्यामुळे तो निसटून तळाशी लपतो आणि वाचतो. एका माशाने स्क्रिप्ट बदललं म्हणायचं.

एका आक्षेपावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या एका वाचक बाईंनी लिहिलंय की या सिनेमाने शार्कची बदनामी केली. केलीच. माणसाचा सूड घेणारा, बोटीचा पाठलाग करणारा असा शार्क नसतो, जगभरात वर्षाला शार्कमुळे माणसं मरतात ती दहाच्या आसपास, आणि माणूस मारतो ते शार्क कोट्यवधी. बेंचलीने स्वतः नंतर सगळं आयुष्य शार्क वाचवा म्हणून सांगण्यात घालवलं, स्पीलबर्गने पण २०२२ साली रेडिओवरच्या एका मुलाखतीत याचं वाईट वाटतं असं सांगितलं. तरी शार्क चावतच नाही असंही नाही. न्यू जर्सीला १९१६ च्या जुलैत बारा दिवसांत चार माणसं गेली, त्यातली दोन तर समुद्रापासून आत खाडीत, सिनेमात त्याचा उल्लेख पण येतो. आणि आपल्याकडे पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत २०२४ च्या फेब्रुवारीत शार्कने एका तरुणाचा पाय फाडला तेव्हा बातमी सगळीकडे आलीच होती. त्या दिवशी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते दोन सूर येत होते. पोराचा पाय फाटला आणि लोकांना संगीत सुचतंय, पण मला पण वाचताना तेच ऐकू आलं, खोटं कशाला बोलू.

बाकी शार्कच्या बाजूने बोलायचा मला नैतिक अधिकार किती आहे ते पण सांगून टाकतो, मोरीचं मटण हा माझा वीक पॉईंट होता. वाटप, तिरफळ, वरून तांदळाची भाकरी. डॉक्टरांनी बंद केलंय म्हणून आता खात नाही, बाईंच्या पत्रामुळे नाही.

एक सीन राहिला, त्यात समुद्र नाहीच. मेलेल्या मुलाची आई काळे कपडे घालून येते आणि सगळ्यांसमोर ब्रॉडीच्या थोबाडीत देते, तुम्हाला माहिती होतं तरी बीच चालू ठेवलात म्हणून. मेयर म्हणतो ती चुकतेय. ब्रॉडी म्हणतो, नाही. मग रात्री तो घरी टेबलाशी डोकं धरून बसलाय आणि शेजारी त्याचा छोटा मुलगा बाप जे करेल ते करतोय, बापाने तोंडावर हात धरला की याने धरला, बापाने बोटं गुंफली की याने गुंफली. बापाच्या लक्षात येतं, तो वेडंवाकडं तोंड करून बघतो. मग म्हणतो, एक पापी दे. का? मला हवीय म्हणून. मांडवात त्या वेळी बहुतेक लोक विड्या ओढायला बाहेर गेलेले होते. मी पण तेव्हा काही फार लक्ष दिलं नव्हतं, अठरा-एकोणीस वर्षांचा होतो. मुलगा झाल्यावर परत बघितला तेव्हा जेटीच्या आधी तोच सीन मागे घेऊन दोनदा बघितला.

तर दीडपट स्पीडवाल्या मुलाला एवढंच सांगा की त्याने पिंपं बघितली नाहीत, पिंपांचा रंग बघितला. परत बघितला तर मला जरूर कळवा, पत्ता तुमच्याकडे आहेच, छापू नका.

आपला नियमित वाचक,
(मूळ गाव मालवण तालुका, सध्या ठाणे)

ता.क. प्रतिक्रियांच्या वर जे चित्र छापलंय त्याखाली तुमच्या पुरवणीने 'नरभक्षक देवमासा' असं लिहिलंय. देवमासा म्हणजे व्हेल, तो मासा नाहीच, पिल्लांना दूध पाजतो. चित्रात आहे ती मोरी. तात्या आज असते तर त्यांनी तेवढं पान वेगळं काढून त्यात बांगडे गुंडाळले असते.